दार क्रमांक ८०८० : जावाच्या स्थानिक सर्व्हरचा इतिहास

#इतिहासधागा

१/ मंडळी, गड किंवा लेणी पाहताना आपण दगडावरची अक्षरे शोधतो. आज जरा वेगळ्या ठिकाणी उत्खनन करू. जावा शिकणारा विद्यार्थी ‘अपाचे टॉमकॅट’ नावाचे एक दाबलेले फोल्डर उतरवून घेतो, ते उलगडतो, ‘जावा_होम’ नावाची एक नोंद करतो, ‘स्टार्टअप’ ही आज्ञा देतो आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०८०’ असे लिहितो. पडद्यावर मांजराचे चित्र उमटते आणि काम झाले. पाच मिनिटांच्या या खटाटोपात जी नावे आणि जे आकडे डोळ्यांपुढून जातात, त्यांतला जवळपास प्रत्येक एखाद्या शिलालेखासारखा आहे. तो कोणी, केव्हा आणि का कोरला, हे आज वाचू.

२/ सुरुवात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत, १९९० च्या अखेरीस. टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर एका नेक्स्ट संगणकावर चालवला. त्या यंत्रावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. सर्व्हरची मूळ कल्पना या चिठ्ठीत सामावली आहे. तो दूर कुठेतरी अखंड जागा असतो आणि आपण त्याच्याकडे मागणी करतो. विकसकाचा स्थानिक सर्व्हर नेमका याच्या उलट स्वभावाचा असतो. तो आपल्याच मेजावर असतो, आपल्यापुरता असतो आणि दिवसातून पन्नास वेळा बंद-चालू केला जातो.

३/ ‘लोकलहोस्ट’ म्हणजे स्वतःचेच यंत्र. त्याचा अंकी पत्ता १२७.०.०.१. या पत्त्यावर धाडलेला संदेश तारेवर जातच नाही, यंत्राच्या आतूनच परत फिरतो. इंटरनेटच्या आरंभकाळी पत्त्यांची मोठी चैन होती. म्हणून १२७ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, या एकाच कामासाठी राखून ठेवले गेले. पुढे पत्त्यांचा दुष्काळ पडला, पण ही राखीव जमीन तशीच राहिली. सुबत्तेच्या काळात दिलेले इनाम टंचाईतही चालू राहावे, तसा हा प्रकार.

४/ आता ८०८०. वेबचे अधिकृत दार, म्हणजे पोर्ट, ८० क्रमांकाचे. मग विकसकाला मागचे दार का? उत्तर युनिक्सच्या जुन्या नियमात आहे. १०२४ च्या खालची दारे उघडण्याचा अधिकार केवळ ‘रूट’ला, म्हणजे यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाला. एकेका संगणकावर अनेकांची खाती असत, तेव्हा हा नियम शहाणपणाचा होता : खालच्या क्रमांकाच्या दारातून कोणी बोलत असेल, तर तो व्यवस्थापकाच्या परवानगीने बोलत आहे, असा विश्वास ठेवता येई. सामान्य वापरकर्त्याने मग ८० ची जोडी करून ८०८० घेतले. आज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर मालक तोच आणि व्यवस्थापकही तोच असतो, तरी सवय ८०८० चीच आहे.

५/ सुरुवातीचे सर्व्हर तयार पाने वाढून देत. मागणीनुसार पान घडवायचे असेल, तर १९९३ पासून एक रीत होती, सीजीआय. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात ती आकाराला आली. प्रत्येक मागणी आली की सर्व्हरने एक नवी आज्ञावली सुरू करायची, तिच्याकडून उत्तर घ्यायचे आणि तिला संपवायचे. पंगतीतल्या प्रत्येक पाहुण्यासाठी नवी चूल मांडून जेवणानंतर ती मोडण्यासारखेच हे. दहा पाहुणे असतील तर चालते. हजारो आले की सगळा वेळ चुली मांडण्यातच जातो.

६/ त्याच केंद्रातला सर्व्हर रॉब मॅककूल यांनी लिहिला होता. १९९४ मध्ये ते संस्था सोडून गेले आणि त्यांचे काम पोरके झाले. ठिकठिकाणचे व्यवस्थापक आपापली ठिगळे लावून तोच सर्व्हर चालवत राहिले. १९९५ च्या आरंभी त्यांतल्या आठ जणांनी ही ठिगळे एकत्र करायचे ठरवले. ब्रायन बेलेनडॉर्फ त्यांपैकी एक. एप्रिल १९९५ मध्ये ‘अपाचे’ प्रसिद्ध झाला आणि वर्षभरात तो वेबवरचा सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला. मालक कोणी नाही, पगार कोणाला नाही, आणि तरी काम पहिल्या क्रमांकाचे. आपल्या कथेतला हा पहिला प्रवाह.

७/ दुसरा प्रवाह सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतला. १९९१ पासून जेम्स गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी घरगुती उपकरणांसाठी एक भाषा घडवत होते. गॉसलिंग यांच्या कार्यालयाबाहेरच्या झाडावरून तिचे पहिले नाव ‘ओक’ पडले होते. २३ मे १९९५ रोजी ती ‘जावा’ म्हणून जगापुढे आली. एकदा लिहा, कुठेही चालवा, हे तिचे ब्रीद. प्रारंभी तिचा बोलबाला झाला तो ब्राउझरमध्ये नाचणाऱ्या चिमुकल्या ‘ॲपलेट’मुळे. तिचे खरे राज्य मात्र पुढे सर्व्हरवर स्थापन झाले.

८/ ब्राउझरमध्ये ॲपलेट, तर सर्व्हरवर ‘सर्व्हलेट’. मे १९९६ मध्ये पहिल्या जावावन परिषदेत ही कल्पना जाहीर झाली. तिच्या पहिल्या विनिर्देशाचे, म्हणजे लेखी नियमावलीचे, श्रेय पावनी दिवाणजी यांना दिले जाते. ती जून १९९७ मध्ये निश्चित झाली. सर्व्हलेटने सीजीआयची चूल मोडण्याची रीतच बदलली. आज्ञावली एकदा सुरू होते आणि स्मृतीत तयार राहते. प्रत्येक मागणीसाठी नवी प्रक्रिया न उभारता त्याच प्रक्रियेतला एक हलका ‘थ्रेड’ काम करतो. एकच मोठी चूल आणि वाढपी अनेक.

९/ नियमावली कागदावर असून भागत नाही. ती पाळता येते, हे दाखवणारा एक नमुना लागतो. त्याला ‘संदर्भ अंमलबजावणी’ म्हणतात. सनमध्ये हे काम जेम्स डंकन डेव्हिडसन यांच्याकडे होते. त्यांनी सर्व्हलेट चालवणारा नवा सर्व्हर लिहिला. कंपनीच्या चार भिंतींत जन्मलेली ही आज्ञावली एक दिवस मुक्त स्रोत व्हावी, अशी त्यांची इच्छा होती, आणि नाव ठेवतानाही त्यांनी तोच विचार केला.

१०/ त्या काळी गाजलेल्या मुक्त स्रोत प्रकल्पांवर ओरायली या प्रकाशनसंस्थेची पुस्तके निघत आणि मुखपृष्ठावर एखाद्या प्राण्याचे रेखाचित्र असे. तेव्हा आपल्या प्रकल्पालाही प्राण्याचेच नाव हवे. डेव्हिडसन यांनी ‘टॉमकॅट’ म्हणजे बोका निवडला, कारण बोका स्वतःची काळजी स्वतः घेतो, कोणाच्या आधारावर जगत नाही. गंमत अशी की २००३ मध्ये ओरायलीचे टॉमकॅटवरचे पुस्तक आले तेव्हा बोका आधीच दुसऱ्या पुस्तकावर जाऊन बसला होता. टॉमकॅटच्या वाट्याला हिमबिबट्या आला.

११/ १९९९ मध्ये दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. सनने आपला सर्व्हर अपाचेला देऊन टाकला. त्याच वर्षी अपाचेची मंडळी ‘अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या रीतसर संस्थेत संघटित झाली होती. जावाच्या कामासाठी तिथे जो प्रकल्प उभा राहिला त्याचे नाव ‘जकार्ता’. सनच्या ज्या बैठकखोलीत याविषयीच्या बहुतेक वाटाघाटी झाल्या, त्या खोलीचे हे नाव होते. हे नाव लक्षात ठेवा. वीस वर्षांनी ते भलत्याच अर्थाने परत येणार आहे.

१२/ अपाचेकडून आलेली टॉमकॅटची पहिली आवृत्ती ३.०. तिने सर्व्हलेट २.२ ही नियमावली अमलात आणली. याच नियमावलीने ‘वेब ॲप्लिकेशन’ची बांधणी ठरवून दिली : ‘वेब-इन्फ’ नावाचे आतले फोल्डर, त्यात ‘वेब.एक्सएमएल’ ही वर्णनपत्रिका, आणि सगळे मिळून एक ‘वॉर’ फाइल. आज विद्यार्थी ती फाइल ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये टाकतो आणि ॲप्लिकेशन आपोआप उभे राहते. ब्राउझरला ‘वेब-इन्फ’मधले काहीही थेट मागता येत नाही. वाड्याच्या माजघरात पाहुण्याने शिरू नये, तसा हा दंडक १९९९ पासून चालत आला आहे.

१३/ या कथेची एक उपकथा आहे. युनिक्सवर आज्ञावली बांधण्यासाठी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले होते. त्यात आज्ञेच्या ओळीआधी ‘टॅब’ लागतो. जागा सोडली तर चालत नाही, आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. पुढे लाखो लोकांना त्या डझनभरांच्या सोयीची किंमत मोजावी लागली.

१४/ टॉमकॅट मुक्त होताना ही खोड डेव्हिडसन यांच्या वाटेत आली. शिवाय सनमधली ‘मेक’ सोलारिस प्रणालीपुरती होती, आणि बाहेरच्या जगात कोण कोणत्या यंत्रावर बांधणी करील याचा नेम नव्हता. म्हणून त्यांनी जावातच एक नवे साधन लिहिले : ‘अँट’, म्हणजे मुंगी. जुलै २००० मध्ये अँट स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली आणि काही वर्षे जावाच्या जगातले प्रमुख बांधणी-साधन ठरली. बोक्याच्या पाठीवर बसून आलेली मुंगी बोक्याइतकीच गाजली.

१५/ आता ‘जावा_होम’. एका यंत्रावर जावाच्या अनेक आवृत्त्या असू शकतात, म्हणून टॉमकॅटला सांगावे लागते की तुझे माहेर कोणते. तिथे जावाच्या मुख्य फोल्डरचा मार्ग द्यायचा, आतल्या ‘बिन’चा नव्हे, नवशिक्यांचे घोडे बहुधा इथेच अडते. आवृत्तीही जुळावी लागते : टॉमकॅट ९ ला जावा ८ पुरते, १०.१ ला किमान ११ आणि ११ ला किमान १७ लागते. पूर्वी तर जावाचा पूर्ण विकसक-संच असल्याशिवाय जेएसपी पाने चालत नसत, कारण ती भाषांतरित करायला संकलक लागे. २००४ च्या ५.५ आवृत्तीपासून टॉमकॅट एक्लिप्सचा संकलक स्वतःसोबत बाळगू लागला. ‘वर्क’ फोल्डर उघडा. तुमच्या जेएसपीचे जावात झालेले रूपांतर तिथे साक्षात पाहायला मिळेल.

१६/ ‘कॅटालिना’ हे नाव सगळीकडे दिसते. हा टॉमकॅटचा गाभा. २००१ च्या चौथ्या आवृत्तीपासूनचा. क्रेग मॅक्लॅनहन यांनी जुना गाभा बाजूला ठेवून तो नव्याने रचला. जेएसपी सांभाळणारा ‘जॅस्पर’, बाहेरच्या जगाशी बोलणारा ‘कोयोटी’ आणि मधला सूत्रधार ‘कॅटालिना’. विकसकासाठी यातली एक सोय अनमोल आहे. ‘कॅटालिना_होम’ म्हणजे मूळ आज्ञावलीचे घर, ‘कॅटालिना_बेस’ म्हणजे एका विशिष्ट संसाराचे घर. दोन्ही वेगळे ठेवले तर एकाच टॉमकॅटवर तीन प्रकल्पांचे तीन संसार थाटता येतात. पुढे आवृत्ती बदलताना मांडणीलाही धक्का लागत नाही.

१७/ ‘कॉन्फ’ फोल्डरमधली ‘सर्व्हर.एक्सएमएल’ ही या स्थळाची ताम्रपटाची पेटी. तिच्यात दारांची नोंद आहे. ८०८० आपण पाहिलेच. ते दुसऱ्या कोणी अडवले असेल तर इथे आकडा बदलायचा. ८००५ हे सर्व्हर थांबवण्याचे दार. केवळ यंत्राच्या आतून तिथे ठरलेला शब्द पोहोचला की टॉमकॅट आवराआवर करून निजतो. आणि तिसरे, ८००९. त्यामागची भाषा ‘एजेपी’, म्हणजे अपाचे जेसर्व्ह प्रोटोकॉल. जेसर्व्ह हे टॉमकॅटच्या आधीचे अपाचेचे सर्व्हलेट-यंत्र. ते केव्हाच अस्तंगत झाले, पण त्याच्या नावाची भाषा मागे उरली.

१८/ आणि या मागे उरलेल्या भाषेनेच घात केला. पुढे अपाचे आणि मागे टॉमकॅट अशी जुनी रचना जिथे होती, तिथे एजेपी उपयोगाचा होता. इतरांना त्याची गरज नव्हती, तरी ८००९ चे दार मुळातूनच उघडे असे, आणि तेही केवळ आतल्यांसाठी नव्हे, सर्व दिशांना. एजेपी समोरच्यावर फार विश्वास ठेवणारा होता. पलीकडे आपलाच अपाचे असणार हे त्याचे गृहीतक. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ हा दोष उघड झाला : त्या दारातून कोणीही वेब ॲप्लिकेशनमधल्या फाइली, अगदी ‘वेब-इन्फ’च्या माजघरातल्याही, वाचू शकत होता. काही परिस्थितीत परकी आज्ञावलीही चालवता येत होती.

१९/ हा दोष टॉमकॅटच्या ६ ते ९ या आवृत्त्यांत होता, म्हणजे वर्षानुवर्षे तो कोणाच्या लक्षात आला नव्हता. ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांत तो बुजवला गेला आणि एजेपीचे दार मुळातच बंद ठेवण्याची प्रथा पडली. यातला धडा इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. गडाचा दरवाजा मजबूत असतो. शत्रू शिरतो तो विस्मरणात गेलेल्या चोरवाटेने. म्हणून स्थानिक सर्व्हर उभारतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. ज्या दाराचे काम नाही ते बंद असावे. आणि व्यवस्थापन-पानासाठी ‘टॉमकॅट-युजर्स’ फाइलमध्ये जो परवलीचा शब्द लिहाल, तो शिकवणीच्या पानावरून जसाच्या तसा उचललेला नसावा. सरावाची मांडणी पुढे खऱ्या सर्व्हरवर तशीच जाण्याची खोड फार जुनी आहे.

२०/ आता अखेरचा अध्याय, मालकीचा. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि जावाचे नावही तिच्याकडे गेले. जावाच्या मुक्त अंमलबजावणीला लागणाऱ्या चाचणीसंचाच्या अटींवरून अपाचेचा सनशी वाद चालूच होता. तो ओरॅकलच्या काळातही मिटला नाही. डिसेंबर २०१० मध्ये अपाचेने जावाच्या नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. ज्या संस्थेने सर्व्हलेटचा आदर्श नमुना वर्षानुवर्षे जपला, तीच पंगतीतून उठली. टॉमकॅटचे काम मात्र थांबले नाही.

२१/ २०१७ मध्ये ओरॅकलने जावाचा उद्योगांसाठीचा भाग, ज्यात सर्व्हलेटही येते, एक्लिप्स फाउंडेशनला द्यायचे ठरवले. आज्ञावली दिली, पण ‘जावा’ हे नाव दिले नाही. २०१८ मध्ये समुदायाच्या मतदानातून नवे नाव निवडले गेले : ‘जकार्ता’. सनच्या बैठकखोलीतले आणि अपाचेच्या त्या जुन्या प्रकल्पाचे तेच नाव. मग प्रश्न उरला ‘जावाएक्स’ या उपसर्गाचा. जगातल्या प्रत्येक सर्व्हलेटच्या पहिल्या ओळींत तो होता. मे २०१९ मध्ये स्पष्ट झाले की त्याविषयीच्या वाटाघाटी फिसकटल्या आहेत. ‘जावाएक्स’खाली यापुढे काही नवे घडवता येणार नव्हते.

२२/ परिणामी २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळीकडे ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ आले. टॉमकॅट १० ने तोच मार्ग धरला. म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकातला सर्व्हलेट टॉमकॅट १० वर चालत नाही. तोच टॉमकॅट ९ वर बिनतक्रार चालतो. परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा विद्यार्थी ही त्रुटी पाहून स्वतःच्या बुद्धीला दोष देत बसतो. वास्तविक त्याची आज्ञावली बरोबर असते. त्याच्या पडद्यावर उमटलेली ती लाल ओळ दोन संस्थांमधल्या मोडलेल्या बोलणीचा पुरावा असते. उपाय साधा : जुना अभ्यासक्रम असेल तर ९ घ्यावा, किंवा उपसर्ग बदलावा. त्यासाठी अपाचेने एक स्थलांतर-साधनही दिले आहे.

२३/ राज्ये बदलली की नाणी बदलतात, आणि जुनी नाणी घेऊन बाजारात गेलेल्या सामान्य माणसाची पंचाईत होते. इथेही तेच झाले. करार कोणी केला, कोणी मोडला, याची ज्याला वार्ताही नाही, त्याला आपल्या ओळी बदलाव्या लागल्या. दुसरी बाजूही तितकीच खरी. १९९९ मध्ये सनने टॉमकॅट देऊन टाकला नसता, तर सनबरोबर त्याचेही काय झाले असते कोण जाणे. जे सर्वांच्या हाती दिले गेले, ते कंपनी गेल्यावरही टिकले. जे नावाच्या मालकीत अडकले, ते बदलावे लागले. बोका स्वतःची काळजी स्वतः घेतो, ही नाव ठेवणाऱ्याची अटकळ खरी ठरली.

#समाप्त